गुणवत्ता, वशिला आणि वतन : पद कोणाला द्यायचे, या प्रश्नाचा इतिहास

दप्तरी

नमस्कार मंडळी.

माझ्या पुतण्याने २०२३ सालची तलाठी भरतीची परीक्षा दिली होती. निकाल लागला तेव्हा घरातली वडीलधारी माणसे ओसरीवर बसली होती. त्याचे नाव यादीत नाही हे कळताच एक काका म्हणाले, "अंगात गुणवत्ता असती तर लागला असता." दुसरे म्हणाले, "आपला वशिला नाही, दुसरे काय." थोड्या वेळाने पाहिले तर दोघांनी एकमेकांची वाक्ये उचलली होती आणि त्यात काही विसंगत आहे असे कोणालाच वाटत नव्हते. पुतण्या मान खाली घालून दोन्ही ऐकत होता. ४६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते, ही गोष्ट त्या बैठकीत कोणी उच्चारली नाही. गुणवत्तेला पद मिळावे हे तत्त्व आपण सगळेच मान्य करतो, पण ते नेमके कशासाठी जन्माला आले हे विसरून गेलो आहोत, असे मला त्या दिवसापासून वाटते आहे. म्हणून हा धागा.

माझे म्हणणे आधीच मांडतो. स्पर्धा परीक्षा ही माणसाच्या अंगची लायकी मोजण्यासाठी निघालेली गोष्ट नव्हे. पद देणाऱ्याचा हात बांधण्यासाठी ती निघाली. तिची किंमत त्यात आहे आणि ती किंमत फार मोठी आहे. मात्र हात बांधण्याच्या साधनाला आपण माणसे तोलण्याचा काटा समजू लागलो की, उत्तीर्णांमध्ये अहंकार आणि अनुत्तीर्णांमध्ये न्यूनगंड, असे दुहेरी नुकसान होते.

यासाठी तलाठ्याचेच उदाहरण घेऊ. तलाठ्याचे काम पूर्वी गावचा कुलकर्णी करीत असे आणि कुलकर्णीपण हे वतन होते, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारा हक्क. त्याच्या बाजूने युक्तिवाद नव्हता असे मुळीच नाही. ज्या घरात मोडी लिपी, हिशेबाची पद्धत आणि गावच्या शेतांच्या हद्दी पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ आहेत, त्या घरातला मुलगा बापाशेजारी बसून जे शिकेल ते बाहेरून आलेल्याला दहा वर्षांतही येणार नाही, असे म्हटले जाई आणि त्यात तथ्य होते. अडचण एवढीच होती की, मुलाला काही आले नाही तरी वतन त्याचेच राहत असे आणि गावाला दुसरा माणूस मागता येत नसे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी जे लिहिले आहे ते याच अनुभवातून आलेले आहे. हे लोक लहान दिसले तरी आपापल्या जागी स्वतंत्र देशनायकच असतात, त्यांना उखडताही येत नाही आणि मोकळे सोडताही येत नाही, असा त्याचा आशय आहे. शिवाजी महाराजांनी शक्य तिथे रोख वेतन देण्याचे धोरण ठेवले आणि प्रधानपदे वंशपरंपरेची मानली नाहीत, हे त्या दृष्टीने किती पुढचे पाऊल होते ते लक्षात यावे. पुढे साताऱ्याच्या गादीच्या काळात ती रीत राहिली नाही. १७२० साली बाळाजी विश्वनाथांच्या मृत्यूनंतर पेशवाई त्यांच्या मुलाला मिळाली. तो मुलगा म्हणजे थोरला बाजीराव होता, म्हणून पद्धत योग्य ठरते असे नाही, कारण त्याच पद्धतीने पुढे दुसरा बाजीरावही त्या पदावर आला. मल्हारराव होळकरांसारखा धनगराच्या घरातला माणूस त्याच काळात स्वतःच्या कर्तबगारीवर सुभेदार झाला हे खरे, पण एका पिढीत मिळवलेले ते पद दुसऱ्या पिढीत पुन्हा वारसाहक्कच झाले.

इंग्रजांकडे वतन नव्हते, वशिला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीतल्या जागा कंपनीचे संचालक आपसांत वाटून घेत आणि आपापल्या पुतण्याभाच्यांना किंवा स्नेह्यांच्या मुलांना देत. निवडलेल्या मुलांना हेलिबरी येथील कॉलेजात शिकवून इकडे धाडले जाई. १८३३ च्या सनदी कायद्यात मर्यादित स्पर्धेची तरतूद झाली होती, पण संचालकांनी ती अमलात येऊ दिली नाही. अखेर १८५३ च्या कायद्याने जागा वाटण्याचा त्यांचा अधिकार काढून घेतला, १८५४ साली मेकॉलेच्या समितीने परीक्षेची योजना आखली आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली खुली परीक्षा झाली. खुद्द इंग्लंडमधल्या बहुतेक सरकारी खात्यांना खुली स्पर्धा लागू व्हायला १८७० उजाडले. हिंदुस्थानचा कारभार आधी परीक्षेने आणि त्यांचा स्वतःचा नंतर, हा क्रम मला फार बोलका वाटतो. आपल्या घरातला वशिला मोडणे सर्वांत कठीण जाते.

जाणकारांनी भर घालावी आणि जिथे माझे चुकत असेल तिथे स्पष्ट सांगावे.

सुमेधा_क

दप्तरीसाहेब, विषय मनापासून आवडला. "हात बांधण्यासाठी" हा आपला शब्दप्रयोग चीनच्या इतिहासाला तंतोतंत लागू पडतो, म्हणून तिकडचे थोडे सविस्तर लिहिते.

चीनमधली सरकारी परीक्षा सुई घराण्याच्या काळात, सातव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली असे मानतात आणि ती १९०५ साली रद्द झाली. म्हणजे जवळजवळ तेराशे वर्षे. पण सुरुवातीच्या काळात, तांग घराण्याच्या राजवटीत, परीक्षकाला उमेदवाराचे नाव आणि घराणे ठाऊक असे, आणि आपल्या कवितांची प्रत आधीच मोठ्या माणसांच्या वाड्यावर पोचती करण्याची रीत होती. खरा बदल सोंग घराण्याच्या काळात, दहाव्या शतकाच्या अखेरीपासून झाला. आधी उत्तरपत्रिकेवरचे नाव कागद चिकटवून झाकू लागले. मग लक्षात आले की, नाव झाकले तरी हस्ताक्षर ओळखता येते. तेव्हा सरकारी लेखनिक नेमून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करून घेण्यास सुरुवात झाली आणि परीक्षकाच्या हाती फक्त ती नक्कल जाऊ लागली. हजारो उत्तरपत्रिका हाताने पुन्हा लिहून काढायच्या, का, तर परीक्षकाला आपला माणूस ओळखता येऊ नये म्हणून! माणसांच्या निःपक्षपातीपणावर विसंबण्याऐवजी पक्षपाताची सोयच काढून टाकायची, हा त्यामागचा विचार मला आजच्या आपल्या कोणत्याही नियमावलीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

आता दुसरी घटना. १३९७ साली, मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट होंगवू याच्या काळात झालेल्या राजधानीतल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले सगळेच्या सगळे उमेदवार दक्षिणेकडचे निघाले. उत्तरेकडच्या उमेदवारांनी पक्षपाताचा आरोप केला. फेरतपासणी झाली आणि निकाल तोच राहिला, कारण दक्षिण समृद्ध होती, तिथे शाळा, छापखाने आणि पुस्तके होती, तर उत्तर अनेक दशकांच्या युद्धांनी उजाड झालेली होती. सम्राटाने संतापून परीक्षकांपैकी काहींना देहदंड दिला, परीक्षा पुन्हा घेतली आणि या खेपेला उत्तीर्ण झालेले सगळे उत्तरेकडचे होते. परीक्षकांना झालेली शिक्षा अन्यायाचीच होती. पण पुढच्या राज्यकर्त्यांनी त्यातून जो मार्ग काढला तो शहाणपणाचा होता. १४२७ पासून जागा प्रदेशवार वाटल्या गेल्या : दक्षिणेला शेकडा ५५, उत्तरेला ३५ आणि मधल्या प्रदेशाला १०. नावे झाकूनही, हस्ताक्षर बदलूनही जी विषमता उरते ती परीक्षेच्या दालनातली नसते, दालनाच्या बाहेरची असते, हे त्यांना कळले होते. राखीव जागा ही गुणवत्तेच्या तत्त्वावर अलीकडे कोणी बाहेरून लादलेली गोष्ट आहे असे समजणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावे. जगातल्या सर्वांत जुन्या परीक्षापद्धतीला स्वतःच्या न्याय्यतेसाठीच राखीव वाटे करावे लागले.

आणि या तेराशे वर्षांत स्त्रियांना त्या दालनात प्रवेश नव्हता, हेही नोंदवायला हवे. आपल्याकडेही १९४८ च्या परीक्षेत यशस्वी होऊन परराष्ट्र सेवेत गेलेल्या सी. बी. मुथम्मा यांना, लग्न केल्यास नोकरी सोडावी लागेल असे लिहून द्यावे लागले होते. पुढे बढती नाकारली गेल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १९७९ साली न्यायालयाने त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले.

मावळतीकर

मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षे शिकवले. दप्तरी यांच्या मांडणीशी मी अर्धाच सहमत आहे.

परीक्षा म्हणजे फक्त वशिल्याला अडसर, असे म्हटले तर सोडत काढूनही वशिला टळतो. चिठ्ठ्या टाकाव्यात आणि नेमणुका कराव्यात. पण आपण तसे करणार नाही, कारण पुलाचे गणित करणाऱ्याला गणित यावे लागते आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला मात्रा कळावी लागते. ज्ञान आणि कसब यांत खरोखर फरक असतो. वर्गात चाळीस मुले बसली असली की, तो फरक पहिल्या आठवड्यात दिसतो आणि शिक्षकाने तो नाकारणे हे त्या हुशार मुलाशीही बेइमानी करण्यासारखे आहे. म्हणून गुणवत्ता हा शब्दच पोकळ आहे असा सूर मला मान्य नाही.

मात्र सुमेधाताईंनी "दालनाच्या बाहेरची" विषमता म्हटले, त्याविषयी मला डोळ्यांनी पाहिलेले सांगायचे आहे. माझी बरीच वर्षे ऊसतोड मजुरांच्या गावांत गेली. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास असे. दिवाळी झाली की, टोळ्या कारखान्यांकडे निघत आणि पाडव्याच्या आगेमागे परतत. माझ्या वर्गातला गणितात सर्वांत तरबेज मुलगा सलग दोन वर्षे कार्तिकात गाडीवर बसून गेला आणि चैत्रात परत आला. परीक्षा त्याच्या गैरहजेरीतच होऊन गेली. तिने त्याच्यावर अन्याय केला असे म्हणता येत नाही, कारण तिने त्याला पाहिलेच नाही. ज्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली तोही कष्टाळू होता, त्याचे यश मी कमी लेखत नाही. पण त्या वर्षीच्या निकालाच्या कागदावर "गुणवत्ताधारक" हा शब्द वाचताना माझा घसा दाटून आला होता.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन मी दरवर्षी जूनमध्ये पुन्हा वाचत असे. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, त्यांतून तयार झालेल्यांनी ते ज्ञान खाली झिरपू दिलेले नाही, म्हणून निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. स्पर्धा कोणाकोणात होणार हे स्पर्धेच्या आधीच ठरलेले असते, हे त्यांना इतक्या लवकर दिसले होते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर आणि शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीचे शिक्षण आणले. गुणवत्तेचा इतिहास लिहायचा तर परीक्षांच्या तारखांआधी या तारखा लिहाव्या लागतील, असे माझे मत आहे.

अभ्यासिका_१७

वरील सर्व ज्येष्ठांना नमस्कार. मी पुण्यात सहा वर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी करतो आहे, म्हणून आतून दिसते ते लिहितो.

तलाठी परीक्षेचा उल्लेख आला आहे. ती परीक्षा एका दिवशी झाली नव्हती. अनेक दिवस, अनेक सत्रांत, प्रत्येक सत्राला वेगळी प्रश्नपत्रिका अशी झाली. मग सोपी आणि अवघड सत्रे समान पातळीवर आणण्यासाठी गुणांचे सामान्यीकरण केले गेले आणि त्यातून २०० पैकी २१४ गुण मिळालेला निकाल आम्ही जानेवारी २०२४ मध्ये पाहिला. सामान्यीकरणाचे सूत्र संख्याशास्त्राच्या दृष्टीने समर्थनीय असेलही, आणि मी त्यात लबाडी होती असे म्हणत नाही. पण ज्या मुलाने आपल्या हाताने १६० गुणांचे प्रश्न सोडवले त्याला आपले गुण कुठून आले हे समजावून सांगता येत नसेल, तर त्याचा विश्वास उडतो, आणि दप्तरी सर म्हणतात त्याप्रमाणे परीक्षेची किंमत विश्वासातच असेल तर ते नुकसान लहान नाही. ओसरीवरच्या काकांचे "वशिला नाही" हे वाक्य अशा वेळी निव्वळ अज्ञानातून येत नाही.

दुसरी गोष्ट, परीक्षा जे विचारते तेच आम्ही होतो. लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे जाहीर केले तेव्हा पुण्यात आंदोलन झाले आणि तो बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलला गेला. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटले की, मुलांना लिहिण्याची भीती वाटते. प्रत्यक्षात पाच-पाच वर्षे पर्याय निवडण्याची सवय अंगी बाणवलेल्यांना अचानक निबंध लिहायला सांगितले जात होते. पाच वर्षांपूर्वीच ही पद्धत असती तर याच मुलांनी निबंधाची तयारी केली असती आणि यादीत कदाचित वेगळीच नावे आली असती. म्हणजे त्यांच्यात गुण नव्हते असे की होते असे? कट-ऑफच्या एका गुणाच्या अलीकडे-पलीकडे शेकडो मुले असतात. मी स्वतः एकदा अर्ध्या गुणाने राहिलो आणि एकदा दीड गुणाने पूर्व परीक्षा पार झालो. त्या दोन वर्षांत मी तोच माणूस होतो.

सुमेधा_क

आपला प्रश्न अकराव्या शतकातही विचारला गेला होता. मंत्री वांग आन्शी याने १०७१ च्या सुमारास काव्यरचनेची परीक्षा काढून टाकून ग्रंथांचे विवेचन आणि राज्यकारभारावरील निबंध यांवर भर दिला, कारण चांगली कविता करणाऱ्याला पाटबंधारे आणि कर यांतले काही कळतेच असे नाही, असे त्याचे म्हणणे होते. विरोधकांत सू शी हा श्रेष्ठ कवी होता. पूर्वीच्या पद्धतीतूनही उत्तम अधिकारी निघालेच ना, असा त्याचा सवाल होता. दोघांचेही खरे होते. पुढे मिंग काळात आठ अंगांचा ठरावीक साच्याचा निबंध रूढ झाला, कारण साचा असला की, गुण देताना परीक्षकाची लहर चालत नाही. निःपक्षपातीपणासाठी साचा आणावा तर पाठांतर वाढते, आणि पाठांतर टाळण्यासाठी मोकळीक द्यावी तर परीक्षकाची मर्जी आत शिरते. ही ओढाताण तेराशे वर्षांत कोणालाही सोडवता आली नाही.

गोदाकाठ

चर्चा उत्तम चालली आहे. एक शंका आहे. इंग्रजांची १८५५ ची परीक्षा "खुली" होती असे आपण म्हणतो, पण आपल्या लोकांना ती कितपत खुली होती?

दप्तरी

गोदाकाठ यांच्या शंकेला थोडे लांबून उत्तर द्यावे लागेल, कारण माझ्या मूळ म्हणण्यातली उणीवही त्यातच आहे.

मेकॉलेच्या समितीने सुचवलेली गुणांची वाटणी पाहावी. एकूण गुण ६८७५. त्यांत इंग्रजी भाषा, साहित्य व इतिहासाला १५००, ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०, गणिताला १०००, आणि संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५. ज्या देशाचा कारभार करायचा त्या देशातल्या अभिजात भाषेला ग्रीकच्या निम्मे गुण. यात कोणाचे नाव पाहिले जात नव्हते, वशिला चालत नव्हता, उत्तरपत्रिका प्रामाणिकपणे तपासल्या जात होत्या, आणि तरीही ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिकलेला मुलगा पुढे जाईल अशीच ती मांडणी होती. कोणता विषय किती गुणांचा, हे ठरवणारा हात मात्र कोणी बांधला नव्हता. माझ्या पहिल्या लेखात हे सुटले होते. मावळतीकर सर आणि अभ्यासिका यांचे म्हणणे वाचून ते लक्षात आले.

परीक्षा फक्त लंडनमध्ये. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याला न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले. १८६९ साली चार भारतीय उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांतल्या शेवटच्या दोघांना वयाच्या कारणावरून वगळण्यात आले. कारण काय, तर विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी नोंदवलेले वय. आपल्याकडे पंधरा पुरी होऊन सोळावे लागले की, मुलगा सोळा वर्षांचा म्हणतात. इंग्रजी हिशेबात तो पंधराचा असतो. आपल्या रीतीने सांगितलेले वय इंग्रजी रीतीने मोजले आणि परीक्षेच्या वेळी हे दोघे मर्यादेबाहेर जातात असे ठरवले. सुरेंद्रनाथांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली, तेव्हा दोघांनाही परत घेतले गेले. "सोळावे लागले" हा आपला रोजचा साधा वाक्प्रचार एका मराठी माणसाचे हक्काचे पद घालवायला निघाला होता, हे वाचल्यापासून नियम लिहिणाऱ्याच्या भाषेकडे मी फार सावधपणे पाहू लागलो आहे.

पुढे १८७६ साली वयाची कमाल मर्यादा एकविसावरून एकोणिसावर आणण्याचे ठरले. एकोणिसाव्या वर्षाच्या आत इथले शिक्षण संपवून, समुद्र ओलांडून, परक्या भाषेत त्यांच्या मुलांशी स्पर्धा करायची. नियम सर्वांना सारखाच होता. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत राष्ट्रसभेचे (काँग्रेसचे) पहिले अधिवेशन भरले तेव्हा ही परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी व्हावी आणि वयोमर्यादा वाढावी असा ठराव झाला. १८९३ साली तसा ठराव ब्रिटिश लोकसभेतही संमत झाला, पण सरकारने तो अमलात आणला नाही. इथे परीक्षा व्हायला १९२२ साल उजाडले. चिंतामणराव देशमुख १९१८ साली या परीक्षेत पहिले आले. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा हा रायगडकडचा विद्यार्थी लंडनमध्ये सर्वांच्या पुढे गेला, याचा अभिमान आपण बाळगतो आणि बाळगावाच. पण ज्यांना बोटीचे भाडे जमले नाही त्यांची यादी कुठल्याच दप्तरात नाही.

पैलतीर

मी गेली अठरा वर्षे कॅनडात आहे. गुणवत्तेच्या राज्याला इंग्रजीत जो 'मेरिटॉक्रसी' हा शब्द आहे तो रूढ केला मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली, आणि तो धोक्याची सूचना म्हणून. जुन्या उमरावाला निदान मनात कुठेतरी ठाऊक असे की, आपण जन्माच्या योगाने इथे आहोत. परीक्षेने वर आलेल्याला वाटते की, हे सर्व माझेच आणि जो खाली राहिला तो त्याच योग्यतेचा. ही यंग यांची चिंता होती. दप्तरी यांच्या पुतण्याने मान खाली का घातली याचे उत्तर मला त्यात दिसते. वतनाच्या काळात कुलकर्णीपण न मिळालेल्या शेतकऱ्याच्या मुलाला स्वतःची लाज वाटली नसती.

गोदाकाठ

धन्यवाद दप्तरीसाहेब, शंका फिटली. आता एक राहिले. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा या चर्चेत कुठे बसवायचा? आमच्याकडे अजूनही बरेच लोक त्याकडे गुणवत्तेला अपवाद म्हणून पाहतात.

मावळतीकर

यावर मी लिहितो. १८९४ साली महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, हा आकडा आपण ऐकलेला असतो. त्यांपैकी अनेक जण कामात वाकबगार होते यात शंका नाही. पण ती वाकबगारी आली कुठून? पिढ्यान् पिढ्या अक्षरओळख एका वाड्यात कोंडलेली होती तिथून. पेशव्यांच्या काळात श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जाई, तेव्हा विद्वत्ता पारखूनच मोठी दक्षिणा दिली जात असे. म्हणजे गुणांची कदर होती, पारख होती. फक्त रांगेत उभे राहण्याचा अधिकार एकाच वर्णाला होता.

१९०२ साली शाहू महाराज विलायतेत होते आणि तिथून त्यांनी हुकूम काढला की, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. एकट्या हुकमावर ते थांबले असते तर जागा भरायला माणसे मिळाली नसती. म्हणून त्याच्या जोडीला वसतिगृहे होती : मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य, एकेका समाजासाठी. १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमण्याची सुरुवात झाली. वाड्याचा दरवाजा उघडला, आत येण्यासाठी शिदोरी दिली, आणि मग वंशाने चालत आलेली जागाच मोडून टाकली. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की, तो गुणवत्तेला अपवाद नव्हता हे कळते. त्या राज्यात जन्माऐवजी गुणाने पद मिळण्याची सोय मुळात त्यांनी केली.

बाबासाहेबांनी ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत याच प्रश्नावर केलेले विवेचनही मूळातून वाचावे. सर्वांना समान संधी हे तत्त्व आणि कारभारापासून दूर ठेवलेल्या समाजांना वाटा हे तत्त्व, या दोहोंचा मेळ घालायचा तर राखीव जागा एकूण जागांच्या अल्पांशापुरत्या असाव्यात, नाहीतर पहिले तत्त्वच नष्ट होईल, असे त्यांनी सांगितले होते. दोन्ही तत्त्वे त्यांना सारख्याच कळकळीने हवी होती. आज एकेक बाजू एकेक तत्त्व उचलून घेऊन जाते, याचे मला दुःख होते.

अभ्यासिका_१७

मावळतीकर सर, तलाठी पदाचा हा इतिहास आम्हाला क्लासमध्ये कोणी सांगितला नव्हता. १९१८ हे साल एका गुणाचा प्रश्न म्हणून पाठ होते, एवढेच. कुलकर्णी वतन गेले म्हणून माझ्यासारख्या मेंढपाळाच्या घरातल्या मुलाला त्या पदाचा अर्ज भरता येतो, हे आज पहिल्यांदा नीट कळले.

पैलतीर यांनी लाजेविषयी लिहिले ते अगदी खरे आहे. सणाला गावी गेलो की, "यंदा काय झाले?" हा प्रश्न टाळण्यासाठी मी दोन वर्षे रात्रीच्या एसटीने गेलो. पण तरीही मला परीक्षाच हवी आहे, हे इथे स्पष्ट सांगतो. उत्तरतालिका जाहीर होते, तिच्यावर हरकत घेता येते, हरकत योग्य असेल तर अंतिम तालिकेत उत्तर बदलते. माझ्या एका हरकतीने एक प्रश्न रद्द झाला आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यात कोणत्याही सरकारी कागदाला हरकत घेतली नव्हती आणि घेतली असती तरी कोणी वाचली नसती. त्यामुळे परीक्षा मोडा असे म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. ती आमच्याविषयी जेवढे सांगते त्याहून अधिक तिच्या तोंडी घालू नका, एवढीच विनंती आहे.

दप्तरी

अभ्यासिका, तुमचा हा प्रतिसाद मी आज संध्याकाळी पुतण्याला वाचून दाखवला. हरकतीच्या प्रसंगावर तो बराच वेळ बोलत होता. त्यालाही त्याच्या सत्रातल्या एका प्रश्नाबद्दल शंका होती, पण हरकत घेण्याची मुदत संपेपर्यंत त्याने कोणाला विचारलेच नव्हते. पुढच्या जाहिरातीला अर्ज भरावा की गावातच राहून दुसरा काही उद्योग धरावा, याचा त्याचा विचार चालू आहे आणि दोन्हींपैकी काहीही केले तरी घरात कोणी त्याला बोलणार नाही, हे मी दोन्ही काकांसमोर सांगितले आहे.

अभ्यासिका_१७

सर, त्याने अर्ज भरायचे ठरवले तर त्याला आधी वर्षांची मर्यादा ठरवायला सांगा. मी ती ठरवली नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ वरच्या माझ्या हस्तलिखित टिपणांच्या दोन वह्या आहेत, सातबारा आणि फेरफार यांच्या उदाहरणांसह. त्या मला आता लागत नाहीत. निरोपातून पत्ता कळवा, सोमवारी टपालाने पाठवतो.